तोफखाना आणि शिवपिंड : अहिल्याबाईंच्या संतपणाचा एक विचार

(बी. ए. द्वितीय वर्ष, इतिहास)

मराठवाडा ही संतांची भूमी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपेगावचे ज्ञानेश्वर, पैठणचे एकनाथ, नरसीचे नामदेव, तेरचे गोरोबाकाका आणि गंगाखेडच्या जनाबाई ही नावे आपल्याकडे शाळेत जाण्यापूर्वीच पाठ होतात. आपल्याच जिल्ह्यात कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे सतराव्या शतकात बहिणाबाई जन्मल्या आणि वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांनी देह ठेवला. या स्त्री-संतांचे चित्र डोळ्यांपुढे आणले की जाते दिसते, उखळ दिसते, तुळशीची माळ दिसते. तलवार मात्र कुठेच दिसत नाही. उलट वीरांगना म्हटले की घोडा, ढाल आणि तलवार दिसते. तेथे जपमाळ दिसत नाही. आपल्या मनात जणू दोन वेगळे कोनाडे आहेत. एकात संत स्त्रिया आणि दुसऱ्यात लढवय्या स्त्रिया.

एकच स्त्री या दोन्ही कोनाड्यांत बसू शकते काय? जी रणात उतरली, तिला लोकांनी पुढे संत मानले असे कधी घडले आहे काय? आणि घडले असेल तर तसे मानताना लोकांनी तिच्या आयुष्यातले काय ठेवले आणि काय टाकले? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम युरोपातील एका मुलीची, नंतर अहमदनगरच्या एका सुलतानकन्येची आणि शेवटी चौंडीच्या एका पाटलाच्या लेकीची कथा पाहू.

एकोणीस वर्षांची जोन

मध्ययुगातील लढवय्या स्त्री संत झाल्याचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फ्रान्समधील जोन ऑफ आर्क. तिचा जन्म इ. स. १४१२ च्या सुमारास दोंरेमी नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात ज्याला शंभर वर्षांचे युद्ध म्हणतात ते चालू होते. फ्रान्सच्या युवराजाला राज्याभिषेकही झालेला नव्हता. आपल्याला देवदूताचा आणि संतांचा आवाज ऐकू येतो आणि फ्रान्सला सोडविण्याची आज्ञा होते, असे सांगत ही मुलगी युवराजापर्यंत पोहोचली. मे १४२९ मध्ये तिच्या उपस्थितीत ऑर्लिअन्सचा वेढा उठला. त्याच वर्षी १७ जुलैला र्‍हैम्स येथे सातव्या चार्ल्सला राज्याभिषेक झाला. पुढच्याच वर्षी ती पकडली गेली. धर्मन्यायालयापुढे तिच्यावर पाखंडाचा खटला चालला. तिने पुरुषांचा वेष घातला हाही तिच्यावरील एक आरोप होता. ३० मे १४३१ रोजी रूआँ येथे तिला जिवंत जाळण्यात आले. तेव्हा तिचे वय सुमारे एकोणीस वर्षे होते.

पंचवीस वर्षांनी, १४५६ मध्ये, फेरचौकशी होऊन तो निकाल रद्द ठरला. त्यानंतरही चर्चने तिला अधिकृतपणे संत म्हणून जाहीर केले ते १६ मे १९२० रोजी. म्हणजे जाळल्यापासून संतपदापर्यंत जवळजवळ पाचशे वर्षे लागली.

या कथेतील एक लहानसा तपशील माझ्या मनात घर करून राहिला आहे. जोनला लिहितावाचता येत नव्हते. खटल्याच्या अखेरीस तिच्यापुढे एक कबुलीजबाब ठेवण्यात आला आणि तिने त्यावर खूण केली. फेरचौकशीच्या वेळी साक्षीदारांनी सांगितले की, तिला वाचून दाखविलेला कागद अवघ्या काही ओळींचा होता. खटल्याच्या दप्तरात लागलेला कागद मात्र त्याहून कितीतरी मोठा होता. ज्या मुलीपुढे शत्रूची फौज मागे हटली, ती एका कागदापुढे हरली. माझ्या आजीने आयुष्यभर प्रत्येक कागदावर अंगठाच उठविला. कागदात काय लिहिले आहे हे तिला नेहमी दुसऱ्या कोणी तरी सांगायचे आणि ते खरे मानण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. त्यामुळे जोनच्या त्या खुणेचा अर्थ मला पुस्तकाबाहेरही कळतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

चांदबिबी : पराक्रम आहे, संतपण नाही

आता आपल्या शेजारी येऊ. अहमदनगरच्या निजामशाहीतील हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी हिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला होता. १५८० मध्ये त्याचा खून झाल्यावर तिने अल्पवयीन वारसाच्या नावाने विजापूरचा कारभार पाहिला. पुढे ती माहेरी परतली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा चांदबिबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात ते खिंडार बुजवून घेतले. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला आणि किल्ला वाचला. परंतु मोगल पुन्हा आले. ती शत्रूला फितूर झाली अशी आवई उठविण्यात आली आणि १६०० च्या सुमारास तिच्याच माणसांनी तिला ठार केले. त्यानंतर लवकरच किल्ला पडला.

जोन आणि चांदबिबी यांच्या कथा किती जवळच्या आहेत! दोघींनी वेढ्यात नाव कमावले आणि दोघींचा घात झाला. तरीही चांदबिबीला कोणी संत मानले नाही. तिच्या वाट्याला आली ती दंतकथा. नगरजवळच्या डोंगरावर एक उंच अष्टकोनी इमारत आहे; लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वास्तविक ती निजामशाहीतील सलाबतखान दुसरा याची कबर आहे. लोकांना चांदबिबीविषयी काही तरी उभे असावे असे वाटले आणि त्यांनी दुसऱ्याची कबर तिच्या नावे करून टाकली. यात अज्ञान आहे हे खरे. पण प्रेमही आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ शौर्य आणि करुण मृत्यू यांमुळे कोणी संत होत नाही. त्याला आणखी काही तरी लागते. ते काय, हे समजण्यासाठी अहिल्याबाई होळकरांच्या चरित्राकडे वळले पाहिजे. त्यांचा काळ अठराव्या शतकाचा. मराठेशाहीचा काळ आपण इतिहासाच्या अभ्यासात साधारणपणे मध्ययुगाच्या अखेरीस धरतो, म्हणून या विषयात त्यांचा समावेश करण्यास हरकत नसावी.

चौंडीची मुलगी

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. जात धनगर. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसलेल्या त्या काळात माणकोजींनी मुलीला लिहायला-वाचायला शिकविले असे चरित्रकार सांगतात. मल्हारराव होळकरांनी या चुणचुणीत मुलीला पाहिले आणि आपल्या खंडेराव या मुलासाठी तिला मागणी घातली. १७३३ मध्ये हे लग्न झाले. तेव्हा अहिल्याबाई आठ वर्षांच्या होत्या.

मल्हारराव हे स्वतः नीरेकाठच्या होळ गावचे. मेंढरे राखता राखता शिपाई झाले आणि शिपाईगिरीतून माळव्याचे सुभेदार झाले. त्यांच्या घराण्यात राजेपण पिढीजात नव्हते. पहिल्याच पिढीने ते मिळविले होते. म्हणूनच की काय, या घरात सुनेलाही काम शिकावे लागले. सासू गौतमाबाई यांच्याकडे १७३४ पासून ‘खासगी’चा कारभार होता. होळकरांच्या राज्यात उत्पन्नाचे दोन भाग होते. एक ‘दौलत’, तिच्यावर फौजेचा खर्च आणि पेशव्यांचा हिशेब चाले. दुसरी ‘खासगी’; ती घरच्या मुख्य स्त्रीच्या ताब्यात असे. गौतमाबाईंच्या हाताखाली अहिल्याबाई हिशेब, वसुली आणि पत्रव्यवहार शिकल्या. १७६१ मध्ये सासू वारल्यावर खासगी त्यांच्याकडे आली.

यापूर्वीच त्यांच्यावर मोठा आघात झाला होता. मार्च १७५४ मध्ये जाटांच्या कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अठ्ठावीस वर्षांच्या अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडविले. आता तूच माझा मुलगा, अशा आशयाची विनवणी त्यांनी केली असे सांगतात. त्या थांबल्या. हा निर्णय दिसायला घरगुती आहे. पण त्यानंतरची एकेचाळीस वर्षे आणि काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या बांधकामांचा सगळा पसारा त्या एका थांबण्यावर उभा आहे.

चंबळपार तोफखाना

मल्हारराव बोलले ते त्यांनी खरे केले. सुनेला त्यांनी मुलासारखे वागविले. १७६५ मध्ये त्यांनी अहिल्याबाईंना लिहिलेले एक पत्र इतिहासात प्रसिद्ध आहे. पानिपतानंतर उत्तरेत पुन्हा घडी बसविण्याचे काम चालू होते. त्या पत्रात सासऱ्याने सुनेला सांगितले आहे की, चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना सोबत ठेवावा, त्यासाठी होईल तितका दारूगोळा तयार ठेवावा आणि वाटेवर संरक्षणासाठी चौक्या बसवीत जावे.

हे पत्र वाचताना आश्चर्य वाटते ते त्याच्या सुराचे. त्यात कौतुक नाही, काळजी नाही, ‘बाईमाणसाने जपून राहावे’ असा उपदेशही नाही. एखाद्या अनुभवी सरदाराला लिहावे तसे ते कामाचे पत्र आहे. अशी आज्ञा जिला दिली जाते, तिला तोफा कशा हलतात, बैल किती लागतात, दारू कुठे मिळते आणि रस्ता कसा राखतात हे सर्व माहीत आहे असे धरूनच ती दिलेली असते. आणि मुख्य म्हणजे, हे पत्र हाती घेऊन वाचणारी स्त्री होती. जोनला कागद वाचून दाखवावा लागला. अहिल्याबाई आपला कागद स्वतः वाचू शकत होत्या. मला वाटते, या दोघींच्या नशिबातील अंतराचा मोठा भाग येथेच आहे.

१७६७ चा पेच

२० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूर येथे वारले. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव सुभेदार झाला. पण तोही एप्रिल १७६७ मध्ये मरण पावला. नवरा, सासरा आणि मुलगा असे तिघेही गेले. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी या संधीचा फायदा घेण्याचे ठरविले. एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, कारभार आपण पाहावा आणि बाईंनी देवधर्म करीत बसावे, असा त्यांचा बेत होता. त्यांनी राघोबादादांना बोलाविले. राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठापर्यंत आले.

येथे अहिल्याबाईंनी जे केले, त्यात धैर्य होतेच, पण त्याहून अधिक राजकारण होते. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांना पत्रे पाठविली. आज होळकरांवर जी वेळ आली ती उद्या तुमच्यावर येईल, हा त्या पत्रांचा मथितार्थ. पुण्याला थोरल्या माधवराव पेशव्यांकडेही त्यांनी दाद मागितली. इकडे तुकोजी होळकरांच्या हाताखाली फौज सज्ज केली. लोकपरंपरा सांगते की, त्यांनी स्त्रियांची एक पलटण उभी केली आणि राघोबादादांना निरोप धाडला : मी हरले तर बाई हरली म्हणून कोणी नावे ठेवणार नाही, पण आपण बायकांकडून हरलात तर तोंड कोठे दाखवाल? हा निरोप शब्दशः असाच होता असे इतिहासाच्या विद्यार्थ्याने म्हणू नये. परंतु परंपरेने ही कथा दोनशे वर्षे जपली, यालाही अर्थ आहे. सरदारांना गेलेली पत्रे विसरली गेली आणि निरोपातील टोमणा लक्षात राहिला. कारण लोकांना आपली राणी तशी हवी होती.

शेवटी लढाई झालीच नाही. आपण तर दुखवट्याला आलो आहोत, असे सांगून राघोबादादांनी वेळ मारून नेली. माधवराव पेशव्यांनी कौल अहिल्याबाईंच्या बाजूने दिला. १७६७ च्या अखेरीस कारभार रीतसर त्यांच्याकडे आला. फौजेचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे आणि राज्याचा कारभार अहिल्याबाईंकडे अशी वाटणी झाली. नर्मदेकाठचे महेश्वर ही त्यांची राजधानी झाली.

ज्यांनी त्यांना ‘देवधर्म करीत बसा’ असे सुचविले, त्यांना त्यांनी दोन्ही हातांनी उत्तर दिले असे म्हणता येईल. देवधर्म त्यांनी केला, पण बसून केला नाही. आणि त्यासाठी राज्यही सोडले नाही.

तलवार म्यानात गेली नव्हती

पुढील अठ्ठावीस वर्षांचा कारभार केवळ शांततेचा होता असे मानणे चूक ठरेल. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी १७७१ मध्ये आणि पुन्हा १७८७-८८ च्या सुमारास बंड केले. दुसऱ्या वेळी उत्तरेत महादजी शिंदे अडचणीत होते आणि मराठ्यांचा दरारा कमी झाला होता. अहिल्याबाईंनी फौज पाठवून हे बंड कठोरपणे मोडले. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या.

भिल्लांच्या बाबतीत त्यांचे धोरण याहून निराळे होते. डोंगरातल्या वाटा असुरक्षित होत्या. प्रथम त्यांनी जरब बसविली. नंतर भिल्लांचा डोंगरवाटेने जाणाऱ्या मालावर थोडा कर घेण्याचा जुना हक्क मान्य केला आणि त्याच्या बदल्यात वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. ज्याच्यापासून भय, त्यालाच राखणदार करणे ही युक्ती फौज ठेवण्याहून स्वस्त होती आणि अधिक माणुसकीची होती.

शिंदे-होळकर यांचे वैर मात्र त्यांना आवरता आले नाही. १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंद्यांच्या कवायती पलटणींनी होळकरांच्या फौजेचा पराभव केला. मराठ्यांनीच मराठ्यांना कापले. या वैराचा शेवट कोठे झाला हे आपल्या भागातील माणसाला सांगावयास नको. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा होळकर अलिप्त राहिले होते. त्या लढाईतील जखमी इंग्रज सैनिकांना आपल्या अजिंठ्याच्या तटबंदीत आणून ठेवले होते. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. मोठ्या इतिहासाचे धागे आपल्या वेशीपर्यंत असे येऊन पोहोचतात.

संतपण कशाने आले?

मग त्या संत कशाने झाल्या? पहिले उत्तर सर्वांना माहीत आहे. ते म्हणजे त्यांची बांधकामे. काशीचे विश्वनाथ मंदिर १७८० मध्ये त्यांनी पुन्हा उभे केले. सोमनाथला भग्न मंदिराजवळ नवे मंदिर बांधले. गयेचे विष्णुपद मंदिर बांधले. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांची तर गणतीच नाही. आपल्या वेरूळचे घृष्णेश्वराचे मंदिर पूर्वी मालोजीराजे भोसल्यांनी दुरुस्त केले होते. अठराव्या शतकात गौतमाबाई आणि अहिल्याबाई या सासू-सुनांनी त्याला आजचे रूप दिले. तेथील शिवालय तीर्थाच्या पायऱ्या उतरताना हे आठवावे.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, या दानधर्माचा खर्च खासगीतून होई. फौजेच्या आणि रयतेच्या पैशाला त्यासाठी हात लावला जात नसे. शिवाय ही बांधकामे बहुतांशी त्यांच्या राज्याबाहेर आहेत. काशी, गया, सोमनाथ यांपैकी कोठेही होळकरांची सत्ता नव्हती. जेथून कर मिळायचा नाही तेथे विहीर खणणे, यात राज्यकर्त्याचा हिशेब नसतो. वाटसरूच्या तहानेचा असतो.

दुसरे उत्तर त्यांच्या रोजच्या वागण्यात आहे. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात फिरून, अहिल्याबाईंना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांची दिनचर्या आली आहे. उजाडण्यापूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दान, अन्नदान, साधे जेवण. दुपारी सुमारे दोन वाजल्यापासून सूर्यास्तापर्यंत उघडा दरबार. संध्याकाळी पुन्हा पूजा आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा कारभार. त्या पडदा पाळीत नसत. प्रत्येकाची तक्रार स्वतः ऐकत. एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला, तेव्हा तुकोजींनी त्याच्या संपत्तीवर हक्क सांगितला. सावकाराची विधवा महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी तिचा हक्क मान्य करून तुकोजींना मागे सारले. एका विधवेने दुसऱ्या विधवेला दिलेला हा न्याय, मला वाटते, एखाद्या मंदिराइतकाच पवित्र आहे. एका पंडिताने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ लिहून वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी तो नर्मदेत टाकावयास लावला, हीही हकीकत माल्कमनेच दिली आहे.

तिसरे उत्तर त्यांच्या दुःखात आहे. त्यांची मुलगी मुक्ताबाई हिचा तरुण मुलगा वारला. पाठोपाठ १७९१ मध्ये नवरा यशवंतराव फणसे वारला. मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. सत्तरीकडे झुकलेल्या आईने तिच्यापुढे जमिनीवर डोके टेकून विनवणी केली. मुक्ताबाईने ऐकले नाही. अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. १७५४ मध्ये सासऱ्याच्या शब्दाखातर सून थांबली होती. १७९१ मध्ये आईच्या शब्दाखातर लेक थांबली नाही. साऱ्या माळव्यावर जिची आज्ञा चालत होती, तिची आज्ञा एका रूढीपुढे चालली नाही. सतीची चाल त्यांनी कायद्याने बंद केली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, त्या महेश्वरी वारल्या.

जोनला संत ठरविले ते धर्मपीठाने. फेरचौकशी करून, ठराव करून, पाच शतके वाट पाहून. आपल्याकडे असे धर्मपीठ नाही. येथे संत ठरवितात ते लोक. अहिल्याबाईंना त्यांच्या हयातीतच लोक देवी मानू लागले होते. निजाम आणि टिपू सुलतान हेही त्यांना मान देत आणि हिंदूंबरोबर मुसलमानही त्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीत, असे माल्कमने लिहिले आहे. त्याच्या ग्रंथावरून स्फूर्ती घेऊन जोॲना बेली या स्कॉटिश कवयित्रीने १८४९ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत काव्य लिहिले. चांदबिबीला हे का मिळाले नाही, याचेही उत्तर आता देता येईल. तिला लढावयास मिळाले, पण राज्य करण्यास उसंत मिळाली नाही. तिने तट राखला; विहीर खणण्याइतका काळ तिच्या वाट्याला आला नाही. शौर्याची आठवण एका दिवसाची असते. पाण्याची आठवण रोजची असते.

तसबिरीतून काय गेले?

आमच्या भागात पुष्कळ घरांत अहिल्याबाईंची तसबीर असते. पांढरे पातळ, डोक्यावर पदर, तळहातावर शिवपिंड आणि खाली पाहणारी शांत दृष्टी. ही तसबीर खोटी नाही. होळकरांचे राज्य शिवाला अर्पण केलेले आहे आणि आपण केवळ कारभारी आहोत, अशी त्यांची भावना होती. पण या तसबिरीत चंबळपार निघालेला तोफखाना नाही, सरदारांना गेलेली पत्रे नाहीत, हिशेबाच्या वह्या नाहीत आणि रामपुऱ्याची मोहीमही नाही. संत करताना लोकांनी त्यांच्या हातातून तलवार आणि लेखणी दोन्ही काढून घेतल्या आणि फक्त पिंड ठेवली.

यात तोटा काय, असे कोणी विचारील. माझ्या मते तोटा आहे. ज्या तसबिरीत केवळ पिंड आहे, ती दाखवून मुलीला सांगता येते की बाईचा मोठेपणा सहन करण्यात आहे. गंगाधर चंद्रचूडांनी १७६७ मध्ये हाच सल्ला दिला होता. तो सल्ला अहिल्याबाईंनी झुगारला. आणि आपण त्यांच्याच तसबिरीच्या आधाराने तो पुन्हा देतो! उलट, ज्या तसबिरीत पिंडीशेजारी मल्हाररावांचे ते पत्र असेल, ती पाहून मुलीला निराळाच प्रश्न पडेल. हे पत्र वाचता येण्यासाठी तिला कोणी शिकविले?

आमच्या घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिली. माझ्या बरोबरीच्या अनेक मुली दहावीनंतर थांबल्या. घरच्यांना त्यांची माया नव्हती असे मुळीच नाही. मुलीच्या शिक्षणाने पुढे काय होते, याचा दाखला त्यांच्यापुढे नव्हता. खरे तर दाखला भिंतीवर टांगलेला होता. तीनशे वर्षांपूर्वी एका खेड्यातील पाटलाने आपल्या मुलीला अक्षर शिकविले आणि एका सासऱ्याने सुनेच्या हाती दप्तर दिले, हे त्या तसबिरीमागचे सत्य आहे. बाकीचे सर्व, म्हणजे राज्य, न्याय, घाट, मंदिरे आणि देवीपण, त्यानंतरचे आहे.

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने भाषणे झाली, मिरवणुका निघाल्या. हे योग्यच झाले. परंतु नाव देणे सोपे असते. चरित्र वाचणे त्याहून अवघड असते. लढवय्येपण आणि संतपण हे दोन कोनाडे आपण केले आहेत; अहिल्याबाईंच्या आयुष्यात ते एकच होते. वाट राखावी म्हणून चौकी बसविणारा हात आणि वाटसरूला पाणी मिळावे म्हणून विहीर खणविणारा हात, हे दोन नव्हते. विद्यार्थ्यांनी, आणि विशेषतः विद्यार्थिनींनी, हे चरित्र त्याच्या सर्व पानांसह वाचावे, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करते.